भाषा बदलते, बिल कुणाच्या नावावर?

तीन भागिले दोन किती? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या २ या व्हर्जनमध्ये याचं उत्तर १ यायचं. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३.० बाहेर पडली आणि तेच उत्तर १.५ झालं. शाळेतल्या पोरालाही नवं उत्तर पटेल, आणि ते बरोबरच आहे. पण हजार रुपयांचे तीन हप्ते पाडणारी एक ओळ डोळ्यांसमोर आणा. जुन्या भाषेत ती ३३३ म्हणायची, उरलेला रुपया पुढची ओळ शेवटच्या हप्त्यात टाकायची आणि हिशोब जुळायचा. तीच ओळ, एक अक्षरही न बदलता, नव्या भाषेत ३३३.३३३३ म्हणते. प्रोग्राम बंद पडत नाही, पडद्यावर लाल अक्षरं दिसत नाहीत. महिनाअखेरीस पैशांचा मेळ बसत नाही, एवढंच.

प्रोग्रामिंग भाषा कशा घडत जातात यावर जाणकार बोलायला लागले की गप्पा बहुधा नव्या सोयींकडे वळतात. अमुक भाषेत जेनेरिक्स आले, तमुक भाषेत पॅटर्न मॅचिंग आलं. सोयी महत्त्वाच्या आहेतच, पण मुख्य प्रश्न हिशोबाचा आहे. भाषा बदलली म्हणून आधी लिहिलेला कोड आपोआप बदलत नाही, तो कुणाला तरी बसून बदलावा लागतो. त्या कामाचं बिल भाषा घडवणाऱ्यांच्या नावावर फाटतं की ती वापरणाऱ्यांच्या, यावरून भाषा कितपत परिपक्व आहे ते ठरवावं. वापरणारा म्हणजे एखादी बँक, विद्यापीठ किंवा सरकारी खातं असेल, तर ते बिल शेवटी तुमच्या-आमच्या खिशातून जातं. म्हणून हा विषय फक्त प्रोग्रामरांच्या कट्ट्यावरचा नाही.

पायथॉनचं प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण तिथे हेतू पूर्णपणे योग्य होता. पायथॉन २मधली साधी स्ट्रिंग (मजकूर साठवायचा प्रकार) म्हणजे नुसती बाइट्सची रांग. ती बाइट्स कोणत्या लिपीची, कोणत्या पद्धतीने साठवलेली, हे स्ट्रिंगला माहीत नसे. मराठी डीटीपीवाल्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा, कारण मजकूर मराठी आहे ही माहिती फाइलमध्ये नव्हतीच, ती फॉन्टमध्ये होती. पायथॉन २ची स्ट्रिंग तशीच: अर्थ बाहेर, आत नुसते आकडे.

'मराठी' हा शब्द घ्या. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना आकडे (संकेत) देणाऱ्या सारणीत, त्याला पाच संकेत लागतात: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. हे संकेत बाइट्समध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत यातल्या प्रत्येकाला तीन बाइट्स, म्हणजे एकूण १५. पायथॉन २ची साधी स्ट्रिंग या शब्दाची लांबी १५ सांगते. पायथॉन ३ पाच सांगते. ॲपलची स्विफ्ट तीन सांगते, म-रा-ठी, पाटीवर अक्षरं मोजणाऱ्या मुलासारखी. वीस बाइट्सच्या रकान्यात लांब नाव कापून बसवलं तर सहा संकेत पूर्ण मावतात आणि सातव्याची दोन बाइट्स लोंबकळत राहतात. छापील पावतीवर नावाच्या शेवटी दिसणारा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह अनेकदा असंच आलेलं असतं.

पायथॉन २मध्ये 'युनिकोड' नावाची वेगळी स्ट्रिंगही होती, पण दोन्ही जाती एकमेकींत मिसळायला मोकळीक होती. मिसळताना भाषा गुपचूप गृहीत धरायची की बाइट्स एस्की, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या सारणीतल्या, आहेत. नावं रोमन लिपीत असेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. एस्कीची हद्द १२७ला संपते आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८मध्ये ०एक्सई० म्हणजे २२४ या बाइटने सुरू होतो. त्यामुळे पहिलं मराठी नाव आलं की प्रोग्राम कोसळायचा, आणि तोही सहसा ग्राहकाकडे गेल्यावरच. चाचणीच्या डेटात सगळी नावं 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशीच असतात. पायथॉन ३ने मजकूर आणि बाइट्स या दोन जाती पक्क्या वेगळ्या केल्या आणि मिसळलं की तिथल्या तिथे चूक दाखवायला सुरुवात केली. देवनागरीत काम करणाऱ्यांनी तर या बदलाचे आभारच मानायला हवेत.

मग बिघडलं कुठे? एकाच चालू प्रोग्राममध्ये अर्धा कोड पायथॉन २चा आणि अर्धा ३चा असं चालत नव्हतं. तुमच्या प्रोग्रामला चाळीस लायब्ररी (इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार संच) लागत असतील, तर चाळिसाव्या लायब्ररीच्या लेखकाने काम संपवेपर्यंत तुम्ही जागचे हलू शकत नव्हता. त्या लेखकाला घाई नव्हती, कारण त्याचे वापरणारे अजून जुन्याच पायथॉनवर होते, आणि ते जुन्यावर होते कारण लायब्ररी तयार नव्हत्या. यातून वाट काढायला अधिकृत सल्ला असा होता की कोड २मध्येच सांभाळा आणि प्रत्येक वेळी 'टू-टू-थ्री' या अवजाराने त्याचं ३मध्ये रूपांतर करून द्या. प्रत्यक्षात लोकांना एकच कोड दोन्हीकडे चालवायचा होता, आणि नेमकी तीच वाट सुरुवातीला बंद होती. युनिकोड स्ट्रिंगच्या आधी लावायचं 'यू' हे अक्षर पायथॉन ३मध्ये चूक ठरत होतं! चालवून घ्यायला कुणाचं काहीच जात नव्हतं. ते २०१२मध्ये, ३.३ या व्हर्जनमध्ये परत आणलं गेलं. बाइट्समध्ये टक्क्याच्या चिन्हाने मजकूर भरण्याची सोय २०१५मध्ये ३.५ने परत दिली. मधल्या काळात 'सिक्स' नावाच्या छोट्या लायब्ररीने (दोन गुणिले तीन म्हणून सहा) अनेकांची नौका पार केली. पायथॉन २.७चा पाठिंबा २०१५ला संपायचा होता, तो २०१४मध्ये पाच वर्षांनी वाढवून १ जानेवारी २०२० केला गेला. शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२०मध्ये आलं. जवळपास साडेअकरा वर्षं!

गंमत म्हणजे बदल हळूहळू आणण्याचं हत्यार पायथॉनकडे २००१पासूनच होतं. फाइलच्या वर 'फ्यूचर' विभागातून एखादी गोष्ट मागवली की ती फक्त त्या फाइलपुरती लागू व्हायची. भागाकाराचा नवा नियम असा एकेका फाइलमध्ये २.२पासून घेता येत होता. मग मजकुराच्या बाबतीत हेच का पुरेसं पडलं नाही? कारण भागाकार फाइलच्या आत संपतो आणि स्ट्रिंग फाइलच्या बाहेर पडते. एका फाइलने तयार केलेली स्ट्रिंग दुसरीकडे जाते, तिसरीकडून परत येते. नियम गावापुरता करता येतो; गावातून जाणाऱ्या एसटीपुरता करता येत नाही. भाषेतला कोणता बदल स्वस्त आणि कोणता महाग, हे या एका फरकावर बरंचसं ठरतं.

दुसरा फरक आवाजाचा. पायथॉन ३मध्ये 'प्रिंट'ला कंस सक्तीचे झाले, त्यावर तेव्हा सर्वात जास्त कुरकुर झाली. खरं तर हा सगळ्यात निरुपद्रवी बदल: कंस नसला की प्रोग्राम सुरूच होत नाही, ओळ क्रमांकासह चूक दिसते, अवजार ती आपोआप दुरुस्त करतं. मोठ्याने ओरडून मोडणारा बदल परवडतो. भागाकारासारखा गप्प राहून उत्तर बदलणारा बदल घातक. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तशी सगळी चर्चा मात्र प्रिंटवर खर्ची पडली.

गप्प बदलाचं अलीकडचं उदाहरण वेबसाइटींसाठीच्या पीएचपी या भाषेचं आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये पीएचपी ८.० आली. त्याआधी शून्य हा आकडा आणि 'एबीसी' हा मजकूर दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून पाहिला तर उत्तर 'समान' असं यायचं, कारण मजकुराचा आधी आकडा केला जायचा आणि अक्षरांचा आकडा शून्य व्हायचा. ८.०पासून उत्तर 'असमान'. जुना नियम वेडगळ होता, नवा शहाणा आहे. तरीही 'रकाना रिकामा किंवा अक्षरांचा असला तर शून्य समजा' अशा आशेवर उभी असलेली जुनी अट या बदलात चुपचाप उलटते. उलट, मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७.०ने डिसेंबर २०१५मध्ये काढली तेव्हा साइट सरळ बंद पडली आणि दोष पाच मिनिटांत सापडला. ती फंक्शनं ५.५पासून, म्हणजे २०१३पासून 'जाणार आहेत' असा इशाराही देत होती.

मजकुराच्या प्रश्नावर पीएचपीने पायथॉनच्या नेमकी उलटी वाट धरली. सगळीकडे युनिकोड आणणारी पीएचपी ६ अर्धवट सोडून दिली आणि ५.६नंतर थेट ७.० काढली. म्हणून आजही तिथे साधं लांबी मोजणारं फंक्शन 'मराठी'ला १५ सांगतं, पाच हवे असतील तर 'एमबी' जोडलेलं वेगळं फंक्शन वापरावं लागतं. कुणाचा कोड मोडला नाही, पण प्रत्येक नव्या प्रोग्रामरला तो सापळा नव्याने शिकावा लागतो. बिल इथेही फाटलंच, फक्त हप्त्याहप्त्याने.

जावाने हा हिशोब सर्वात विचारपूर्वक केला, असं माझं मत आहे. २००४मध्ये जावा ५मध्ये जेनेरिक्स आले, म्हणजे 'ही यादी फक्त मजकुराची' असं कंपायलरला (कोडचं यंत्राला कळेल असं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) सांगता येऊ लागलं. पण आधीच कंपाइल होऊन पडलेल्या लाखो फाइलींना हे काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून ठरलं असं की ही माहिती कंपायलरने तपासायची आणि नंतर पुसून टाकायची. प्रोग्राम चालताना यादी म्हणजे नुसती यादी. त्यामुळे १९९८ची लायब्ररी आणि २००४चा कोड शेजारी शेजारी बसले, कुणीही कुणाची वाट पाहत बसलं नाही. याची किंमत भाषेने स्वतःच्या अंगावर घेतली: चालू प्रोग्रामला यादी कशाची आहे हे विचारता येत नाही, साध्या पूर्णांकांची यादी करताना प्रत्येक आकडा वस्तूत गुंडाळावा लागतो आणि मेमरी खर्च होते. ते निस्तरण्याचा व्हॅलहाला प्रकल्प २०१४पासून चालू आहे. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पने २००५मध्ये दुसरा मार्ग काढला: जुन्या याद्या तशाच ठेवून शेजारी नव्या याद्यांचा वेगळा संच उभा केला. तांत्रिकदृष्ट्या तो अधिक स्वच्छ, पण सी-शार्प तेव्हा तीन-चार वर्षांचं पोर होतं, पाठीवर ओझं कमी होतं.

पुढे मार्च २०१४मध्ये जावा ८ आली आणि सगळ्या याद्यांना 'स्ट्रीम' ही नवी क्रिया द्यायची ठरली. यादीचा करार म्हणजे इंटरफेस. जगभरातल्या अनोळखी लोकांनी तो करार पाळणारे स्वतःचे वर्ग लिहिलेले. करारात नवं कलम घातलं की ते सगळे कंपाइल व्हायचे बंद. म्हणून भाषेतच नवी सोय केली: कलमासोबत तयार उत्तरही द्यायचं, ज्याला जमेल त्याने ते बदलावं, बाकीच्यांनी काहीच करू नये. एक लायब्ररी सुधारण्यासाठी भाषा बदलली, पण वापरणाऱ्याला हात लावला नाही.

जावालाही संत ठरवायचं कारण नाही. सप्टेंबर २०१७च्या जावा ९पासून तिने आपल्या आतल्या खोल्यांना, म्हणजे बाहेरच्या कोडने वापरू नयेत अशा भागांना, कड्या घालायला सुरुवात केली. आधी नुसता इशारा, १६पासून मनाई, १७मध्ये मनाई उठवण्याचा सोपा पर्यायही गेला. ११मध्ये एक्सएमएल या स्वरूपातली माहिती वाचण्याची जेएएक्सबी ही सोय मूळ संचातून निघाली. ८वरून ११वर उडी मारणाऱ्यांना ती लायब्ररी हाताने जोडावी लागते, नाहीतर प्रोग्राम चालू झाल्यावर, पहिल्या एक्सएमएलपाशी, वर्ग सापडत नाही म्हणून पडतो. मार्च २०२२च्या जावा १८चा बदल तर मराठी वापरणाऱ्यांच्या थेट कामाचा: फाइल वाचताना-लिहिताना लिपी सांगितली नाही तर यूटीएफ-८ गृहीत धरायची. आधी ती ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असे. विंडोजवर बहुधा पश्चिम युरोपची सारणी यायची आणि लिहिलेलं प्रत्येक देवनागरी अक्षर प्रश्नचिन्ह होऊन फाइलीत जायचं. बदल गप्प आहे, पण प्रोग्राम चालवताना जावाला जुन्या पद्धतीने वागायला लावणारा एक पर्याय ठेवलाय, आणि चालवून पाहून आपली जागा कुठे दुखते ते आधीच तपासता येतं. गप्प बदल करायचाच असेल तर निदान एवढी व्यवस्था हवी.

वेबची गोष्ट थोडक्यात. १९९५मध्ये दहा दिवसांत बांधलेल्या जावास्क्रिप्टमध्ये काहीच नाही या अर्थाच्या 'नल'ची जात विचारली तर ती 'ऑब्जेक्ट' सांगते. चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि ती कधीच दुरुस्त होणार नाही, कारण तिच्यावर उभी असलेली जुनी पानं दुरुस्त करायला मालकच उरलेला नाही. २०१८मध्ये यादी सपाट करणाऱ्या नव्या क्रियेचं नाव 'फ्लॅटन' ठरलं होतं. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची स्वतःची क्रिया आधीच चिकटवलेली होती आणि तिच्यावरची संकेतस्थळं मोडू लागली. शेवटी नाव 'फ्लॅट' केलं. विसरलेल्या पानांनी नव्या भाषेतल्या क्रियेचं बारसं केलं, आणि ते योग्यच झालं.

नव्या पिढीतल्या दोन भाषांनी मात्र एक तोडगा काढलाय, तो सगळ्यांनी उचलावा असा आहे. रस्ट भाषेचं १.० मे २०१५मध्ये आलं. तिच्या 'एडिशन' असतात: २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४. प्रत्येक क्रेट, म्हणजे कोडचा प्रत्येक गठ्ठा, आपण कोणत्या एडिशनचे ते आपल्या माहिती-फाइलीत एका ओळीत सांगतो. कंपायलर एकच, तो चारही एडिशन वाचतो, आणि २०१५चा गठ्ठा २०२४च्या गठ्ठ्याशी बिनतक्रार जोडला जातो. चाळिसाव्या लायब्ररीच्या लेखकाची वाट पाहण्याचं कारणच उरत नाही. २०१८मध्ये 'असिंक' हा राखीव शब्द झाला, तेव्हा जुन्या गठ्ठ्यातलं 'असिंक' नावाचं फंक्शन नव्या गठ्ठ्यातून हाक मारण्यासाठी त्याच्या आधी एक खास खूण लावायची सोय दिली. त्याच वर्षी पायथॉन ३.७नेही 'असिंक' राखीव केला, आणि ज्या लायब्ररींनी त्या नावाचं आर्ग्युमेंट ठेवलं होतं त्या सरळ कोलमडल्या. पायथॉनवाले त्यातून शिकले: २०२१मध्ये ३.१०ने 'मॅच' आणला तो फक्त ठरावीक जागीच राखीव, बाकी ठिकाणी ते नाव तुमचंच. जावाने २००४मध्ये 'एनम' राखीव करून हाच चटका खाल्ला होता, म्हणून २०१८च्या जावा १०मध्ये 'व्हार' आणताना तीही सावध राहिली. एकच धडा प्रत्येक भाषेला आपल्या पैशाने शिकावा लागतो, हे जरा विचित्रच आहे.

रस्टचे लोक आणखी एक काम करतात, आणि इथे बिल खरोखर त्यांच्या नावावर फाटतं. धोक्याचा वाटणारा बदल बाहेर सोडण्याआधी 'क्रेटर' नावाची यंत्रणा जाहीर भांडारातले गठ्ठे जुन्या आणि नव्या कंपायलरने कंपाइल करून पाहते आणि कुठे काय मोडलं त्याची यादी देते. वीज त्यांची, यंत्रं त्यांची. तरीही जुलै २०२४च्या १.८०मध्ये एक छोटी भर घातल्याने कंपायलरला आधी एकच अर्थ लागायचा तिथे दोन लागू लागले, आणि 'टाइम' या लोकप्रिय गठ्ठ्याची जुनी व्हर्जनं कंपाइल होईनाशी झाली. निस्तरणं सोपं होतं, गठ्ठ्याचं व्हर्जन वाढवायचं. पण तो कुठल्या तरी तिसऱ्या गठ्ठ्याच्या पोटात असला तर ते कळायलाच वेळ लागतो. एडिशनचं कुंपण वाक्यरचनेला पुरतं, सगळ्यांच्या सामाईक मूळ लायब्ररीला पुरत नाही. गावाची आणि एसटीची गोष्ट इथेही लागू आहेच.

गो या भाषेची पद्धत अशीच, पण अधिक धाडसी. मार्च २०१२मध्ये गो १ आली तेव्हा लेखी वचन दिलं गेलं की आज कंपाइल होणारा कोड पुढेही होईल. तरी भाषेत एक खोड होती: लूपचा चल संपूर्ण लूपसाठी एकच असायचा, त्यामुळे आत त्याचा पत्ता साठवला तर शेवटी सगळ्या पत्त्यांवर शेवटचीच किंमत सापडायची. या जातीच्या चुकीमुळे २०२०मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेला सुमारे ३० लाख वेब-सर्टिफिकेटं रद्द करण्याची घोषणा करावी लागली होती. फेब्रुवारी २०२४च्या १.२२मध्ये नियम बदलला, प्रत्येक फेरीला नवा चल. बदल गप्प जातीचा होता, म्हणून तो फक्त त्याच मॉड्यूलला लागू होतो ज्याने आपल्या गो.मॉड फाइलीत स्वतः १.२२ किंवा पुढचा आकडा लिहिलाय. आकडा न वाढवणाऱ्याला नवा कंपायलर मिळतो, जुना अर्थही मिळतो. आकडा वाढवल्यावर काही बिघडलंच, तर नेमक्या कोणत्या लूपमुळे बिघडलं ते निम्मे-निम्मे लूप बाजूला करत शोधणारं अवजारही सोबत दिलं. भाषेत गप्प बदल करायचा असेल तर तो असा करावा.

यावर एक सबळ आक्षेप आहे: जुन्याला असं जपत बसलं तर चुका अमर होतात. खरं आहे. सी भाषेतलं 'गेट्स' हे फंक्शन ओळ वाचताना जागा किती शिल्लक आहे ते बघतच नाही. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रामने फिंगर या सेवेतल्या याच फंक्शनचा फायदा घेतला होता. ते प्रमाण भाषेतून निघालं सी ११मध्ये, म्हणजे २०११ साली, तेवीस वर्षांनी. सी++मध्ये मजकुरात नमुना शोधणारी प्रमाण लायब्ररी संथ आहे हे सर्वज्ञात आहे, पण तिची आतली मांडणी बदलली तर आधी कंपाइल केलेल्या फाइली नव्या फाइलींशी जुळणार नाहीत, म्हणून ती तशीच. फेब्रुवारी २०२०मध्ये प्रागच्या बैठकीत ही जुळणी तोडावी का यावर समितीने मतं घेतली. लगेच तोडण्याच्या बाजूने कौल पडला नाही.

म्हणून जुनं कधीच मोडू नये असं मी म्हणत नाही. सुरक्षिततेला भोक पाडणारी गोष्ट काढायलाच हवी, तीही तेवीस वर्षं न थांबता. मात्र मोडण्याच्या अधिकाराला चार अटी असाव्यात: मोडेल ते ओरडून मोडावं, निदान दोन व्हर्जन आधी इशारा असावा, नवं आणि जुनं एकाच प्रोग्राममध्ये नांदू शकावं, आणि रूपांतराचं अवजार भाषेच्या कर्त्यांनी स्वतः द्यावं, तेही मोठ्या जाहीर प्रकल्पांवर चालवून दाखवलेलं. पायथॉन ३ला इशारा आणि अवजार होतं, नांदणं नव्हतं. २०००मध्ये घोषणा होऊन डिसेंबर २०१५मध्ये आलेली पर्ल ६ इतकी वेगळी निघाली की २०१९मध्ये तिचं नावच राकू करावं लागलं, आणि लोक पर्ल ५वरच राहिले. आपल्या हातून सगळंच मोडतंय हे निदान प्रामाणिकपणे कबूल झालं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्यात आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेत मोसमी पावसाच्या अंदाजासाठी जे सीएफएस प्रारूप चालवलं गेलं, ते फोर्ट्रान भाषेतलं. १९५७ची भाषा, पंचकार्डाच्या रकान्यांवर बेतलेली; फोर्ट्रान ९०ने मोकळी मांडणी आणली तरी जुन्या रकानेबद्ध फाइली कंपायलर वाचत राहिला. म्हणून शास्त्रज्ञांचा वेळ ढगांवर जातो, भाषांतरावर जात नाही. दुसरीकडे, वाय-टू-केच्या, म्हणजे सन २०००च्या तारखांची गडबड दुरुस्त करण्याच्या, कामाने भारतीय आयटी कंपन्यांना परदेशची दारं उघडून दिली, आणि जावा ८वरून १७वर, पायथॉन २वरून ३वर नेण्याच्या 'मायग्रेशन'वर आजही हिंजवडीत आणि खराडीत अनेकांची घरं चालतात. भाषा वापरणाऱ्याचं बिल हे आपलं उत्पन्न असतं, तेव्हा या प्रश्नावर आपल्याकडून फारशी ओरड होत नाही, यात नवल नाही.

पण तोच देश ग्राहकही आहे. सरकारी टेंडरात सर्व्हर किती, रॅम किती, हे काटेकोर लिहिलेलं असतं. भाषेचं व्हर्जन आणि त्याच्या पाठिंब्याची अखेर लिहिण्याची पद्धत अजून रुळलेली नाही. ही माहिती गुप्त नसते. पायथॉनचं नवं व्हर्जन दर ऑक्टोबरला येतं आणि त्याला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. पीएचपीच्या व्हर्जनला दोन वर्षं पूर्ण पाठिंबा आणि नंतर दोन वर्षं फक्त सुरक्षेचा. सात वर्षांचा प्रकल्प चार वर्षांच्या व्हर्जनवर उभा राहत असेल, तर मध्ये निदान एक स्थलांतर येणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. ते एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, धरलं नाही तर पाचव्या वर्षी वेगळं टेंडर निघतं, किंवा काहीच निघत नाही आणि पाठिंबा संपलेल्या व्हर्जनवर नागरिकांचा डेटा तसाच पडून राहतो.

कलम लिहायचं तर असं: करार संपेपर्यंत प्रणाली पाठिंबा असलेल्या व्हर्जनवर ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराची. सोर्स कोड, तो बांधण्याची स्क्रिप्ट, चाचण्या आणि प्रत्येक लायब्ररीचं नेमकं व्हर्जन दर सहा महिन्यांनी खात्याच्या ताब्यात. व्हर्जन बदलण्याआधी मागच्या पूर्ण महिन्याचा खरा डेटा जुन्या आणि नव्या दोन्हींवर चालवून निकाल ओळीने ओळ ताडून द्यायचा. नुसत्या चाचण्या हिरव्या झाल्या म्हणून भागत नाही, गप्प बदल तिथे सापडत नाहीत. चाचणीच्या डेटात देवनागरी नावं, जोडाक्षरं आणि देवनागरी आकडे हवेतच. २०२३मध्ये युनिकोड १५.१ने जोडाक्षरं मोजण्याचा नियम बदलला. आधी त्या नियमाने 'क्ष' दोन अक्षरांत तुटायचा, आता एक धरला जातो. भाषेची एक ओळही न बदलता, फक्त तिच्यासोबत येणारी सारणी बदलल्याने अर्जातल्या नावाची लांबी वेगळी येऊ शकते.

पायथॉनची पुढची परीक्षा सध्या चालू आहे. एका वेळी एकाच धाग्याला (एकाच प्रोग्रामात समांतर चालणाऱ्या कामांपैकी एकाला) पुढे जाऊ देणारं 'जीआयएल' हे कुलूप काढायचं ठरलंय. ऑक्टोबर २०२४च्या ३.१३मध्ये कुलूप नसलेली बांधणी प्रयोग म्हणून आली, ३.१४मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला, पण नेहमीची बांधणी अजून कुलपाचीच आहे. सीमध्ये लिहिलेली एखादी जुनी लायब्ररी आत आली आणि तिने आपण कुलपाविना चालतो असं जाहीर केलेलं नसेल, तर इशारा देऊन कुलूप आपोआप परत लावलं जातं. वेग जातो, उत्तर चुकत नाही. २००८च्या मानाने ही फार समजूतदार रचना आहे. फक्त दोन्ही बांधण्यांसाठी 'व्हील' म्हणजे तयार गठ्ठे वेगवेगळे बांधावे लागतात, आणि ते बांधणारे लायब्ररीकर्ते बहुतेक रात्री-सुट्टीला फुकट काम करणारे आहेत. या खेपेचं बिल सध्या तरी त्यांच्याकडे गेलंय.